नव्वद किलोचे आजोबा

मोठ्या सिस्टर गप्प बसल्यात, असं त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. डॉक्टरांनाही त्या धारेवर धरत, आणि कुणाला शाबासकी द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. खाटा चाळीस, नर्सेस तीन. आभाळच फाटलेलं, तिथे ठिगळ कुठे लावणार?

मग एका श्रीमंत देशाची मदत आली. नवी इमारत उभी राहिली, अशक्त बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या आल्या आणि समोरच नर्सिंग कॉलेज निघालं. दोन वर्षांत बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. परक्यांना नावं ठेवायला आपल्याला फार आवडतं, पण खरं ते खरं. त्यातच सिस्टरांच्या भाचीला कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणजे दुधात साखरच.

कॉलेजात सरावासाठी एक पुतळा होता. नव्वद किलोचा, सुरकुतलेला म्हातारा, कवळीसकट. पोरी त्याला आजोबा म्हणत. त्याला कुशीवर कसं वळवायचं, आंघोळ कशी घालायची, रात्री झोप लागली का हे त्या श्रीमंत देशाच्या भाषेत कसं विचारायचं, हे सगळं त्या घोकत. सिस्टर पोट धरून हसल्या होत्या. आपले पेशंट आईच्या कडेवर बसून येतात, आणि या पोरी म्हातारे उचलायला शिकतात! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अभ्यासक्रमात आहे, एवढंच प्राचार्य म्हणाले.

तिसऱ्या वर्षी बावीस पोरी सहा महिन्यांसाठी वॉर्डात आल्या आणि सिस्टरांनी त्यांना अक्षरशः घासूनपुसून तयार केलं. जुलाबांनी सुकलेल्या तान्ह्या बाळाची शीर भाचीला पहिल्याच टोचणीत सापडली, तेव्हा सिस्टरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. शेवटी प्रत्येकीचा फॉर्म सहीला आला. चांगला शेरा दिला तर पोरींना इथेच नेमतील, या आशेनं जन्माची कंजूस बाई सढळ हातानं लिहीत सुटली. वॉर्डाचा नवा ड्यूटी तक्ताही तिनं आखून ठेवला.

पदवीच्या समारंभाला त्या देशाच्या पाहुण्या बाई आल्या. त्या मोकळेपणानं बोलल्या. आमचा देश म्हातारा होत चाललाय, तुम्हाला दवाखाना मिळाला, आम्हाला माणसं मिळाली, दोघांचंही भलं झालं. बावीसच्या बावीस जणींची नेमणूक तिकडच्या वृद्धाश्रमांत झाली होती. सिस्टरांचे शेरे इतके बोलके, की मुलाखतींची गरजच पडली नाही. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सिस्टरांचे हात मात्र मांडीवरच राहिले.

त्या उठल्या. "आणि आमच्या वॉर्डाला किती?"

बाईंनी कागद चाळले. "करारात तसं काही नाही. पण कुणाला थांबायचं असेल तर आमची हरकत नाही."

फसवलं म्हणावं, तर कुणीच खोटं बोललं नव्हतं. करार प्राचार्यांच्या कपाटात होता, आजोबा तर तीन वर्षं डोळ्यांसमोर. सिस्टर मटकन खाली बसल्या. समारंभ संपेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

संध्याकाळी चादरींच्या खोलीत भाची आली. बराच वेळ ती घडी घातलेल्या चादरीच पुन्हा उलगडून घड्या घालत राहिली. तिकडे पाच म्हाताऱ्यांमागे एक नर्स असते, म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मावशी, तू थांब म्हणालीस तर मी थांबते."

पोरींच्या वाटेत आडवं येऊ नये, हे सिस्टरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या आयांना सुनावलं होतं. भिंतीपलीकडे एक बाळ रडत होतं, आणि त्याच्याकडे जायला कुणी मोकळं नव्हतं.

"थांब," सिस्टर म्हणाल्या.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी जा म्हणेल, या खात्रीनंच तर तिनं विचारलं होतं.