लाल्ला झहूरचा मुकुट

लाल्ला झहूरचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. सावलीला मुकुट उचलून नेता येत नाही, म्हणून तिला तेवढी जवळ उभी राहू द्यायची.

फेझच्या जुन्या शहरात नवरीला न्हाऊ घालणारी, नटवणारी, चौरंगावर बसवणारी बाई म्हणजे नगाफा. झहूर आमच्या मोहल्ल्याची नगाफा, म्हणून मानाने 'लाल्ला', आणि मी, यामना, तिच्या हाताखाली. कपडे मी चढवायचे, गाणी मी म्हणायचे, बोलणीही मीच खायचे. पण नवरीच्या केसांना आणि मुकुटाला हात फक्त तिचा.

या मुकुटाची ख्याती केवढी! म्हणे राजवाड्याच्या सोनाराने शहजादीच्या लग्नासाठी हुबेहूब दोन मुकुट घडवले. एक राजवाड्यात गेला, एक कसा कोण जाणे झहूरच्या सासूकडे आला. काही बायका तर शपथेवर सांगायच्या, की खरा आपल्याकडे आहे, शहजादी बिचारी नक्कल मिरवतेय. झहूरला विचारलं की ती म्हणायची, "त्यालाच विचार. बोलला तर मलाही सांग."

मला विचाराल तर खडे काचेचे असावेत. पण हे लग्नाळू पोरीला सांगून बघा, डोळे काढेल तुमचे. मुकुट भलताच जड. उतरवला की कपाळावर लाल वळ उठायचा आणि नव्या नवऱ्या हमामात, बायकांच्या न्हाणीघरात, तो वळ दागिन्यासारखा मिरवायच्या. नातवंडं झालेल्या बायकासुद्धा म्हणायच्या, "एक दुपार का होईना, शहजादी होते गं मी!" आणि डोळे पुसायच्या.

झहूरने मुकुटाला काळा दोरा बांधला होता. त्याचं दुसरं टोक ओढणीखालून स्वतःच्या मनगटाला. कुणी नवरीला मिठी मारली की ती पाहुणीचे हात बघायची. "मिठी नवरीला आहे की मुकुटाला, मला बरोबर कळतं," म्हणायची. तिने माझीसुद्धा झडती घेतलीय, बारा बायकांसमोर! मी आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. तिला वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प आहे. आता काय करावं या बाईला?

मग रुकय्याच्या लेकीचं, घीताचं लग्न ठरलं. रुकय्या विधवा, भरतकाम करून पोट भरणारी. नवरा मुलगा दरीस, खात्यापित्या घरचा. त्याची आत्या, हज करून आलेली हाज्जा तामू, हीच घरची वरिष्ठ, आणि तिची जीभ म्हणजे वस्तरा. घीताला पहिल्यांदा न्हाऊ घालून झहूर हमामातून बाहेर आली ती स्वतःची बोटं चोळत. नंतर दोनदा सोनाराकडे गेली. कुठल्याही सोनाराला मुकुटाकडे बघूही न देणारी बाई! माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कशाला गेली होतीस?" मी विचारलं.

"तुझी जीभ सोन्याने मढवून घ्यायला. लांब आहे, जड झाली तर जरा कमी हलेल."

लग्नाच्या दुपारी मुकुटाची पेटीही तिने स्वतःच उचलली. मी बघितलं, मनगटाला दोरा नाही. झालं! इथे पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. विकला हिने मुकुट. आता उद्या आम्हाला लग्नाला कोण बोलावणार?

घीता चौरंगावर बसली. डोक्यावर मुकुट झगमगत होता. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. हाज्जा तामू आशीर्वाद द्यायला वाकली आणि मुकुट नीट करायच्या मिषाने तिने तो दोन बोटांनी उचलला.

"हलका!" ती ओरडली. डफ थांबले. "अगं, माझ्या लग्नात याने माझी मान मोडायची राहिली होती. हा तर पत्र्याचा आहे! झहूर, शहजादीचा मुकुट कुठंय? आणि आमच्याच सुनेला हा का?"

घीताचं तोंड पांढरंफटक. रुकय्या भिंतीला टेकली. घीता पुटपुटली, "आत्या, चूक त्यांची नाही, माझं..."

"नवरी बोलत नसते," झहूरने तिला तोडलं. मग हाज्जाकडे वळली. "विकला. पैसे खाल्ले. वाटलं, विधवेच्या पोरीच्या लग्नात कोण बघतंय?"

काय काय ऐकलं नाही तिने! चोर, हलकट, मेलेल्या सासूला फसवणारी. हाज्जाने घीताला पोटाशी धरलं, "पोरीचा काय दोष? फसवलं बिचारीला," आणि आम्हा दोघींना दाराबाहेर काढलं.

वाटभर मी तिला फाडून खाल्लं. घरात शिरल्यावर तिने गव्हाच्या रांजणात हात घातला आणि मुकुट काढून माझ्या मांडीवर ठेवला. तोच जड मुकुट.

"लहानपणी गच्चीवरून पडली होती घीता," ती म्हणाली. "कवटीत धातूची पट्टी बसवलीय. न्हाताना बोटांना लागली. याच्या वजनाने ती चौरंगावरच बेशुद्ध पडली असती. दरीसला माहीत आहे. आत्याला कळलं तर तिथूनच उठवेल, म्हणेल डोक्यात खोट असलेली पोर गळ्यात मारली."

मला रडूच फुटलं. "अगं बये! मग आता तरी सगळ्यांना दाखव हा! विकला नाही म्हणून सांग!"

"आणि मग हलका का घातला, हे हाज्जा विचारणार नाही?"

मुकुट परत रांजणात गेला. त्यानंतर कुणाच्याही डोक्यावर चढला नाही. झहूर आता हमामात परक्यांच्या पाठी घासते. बायका तिच्यापासून आपली बोचकी लांब ठेवतात, आणि ती बघून न बघितल्यासारखं करते.

गेल्या महिन्यात घीताच्या मुलाचं नाव ठेवायचं सातव्या दिवसाचं जेवण झालं. झहूरला कोण बोलावतंय! मी जेवून तिच्याकडे गेले. तिने मेंढा कसा शिजला होता ते विचारलं नाही, बाळ कुणावर गेलंय तेही नाही.

"घीताचं डोकं दुखत नाही ना?"

"नाही गं. हसत होती, बाळाला घेऊन सगळीकडे हिंडत होती."

तिने डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हणून? शपथ घे."

मी शपथ घेतली. तिने ती पुन्हा एकदा घ्यायला लावली.