न विचारता केलेली दुरुस्ती

पडद्यावर माझा कोड होता आणि सगळं सभागृह हसत होतं. हिंजवडीतल्या एका ऑफिसात रविवारची बैठक. माईकवर सर. खुल्या सॉफ्टवेअरमधलं पुण्यातलं मोठं नाव, आम्हा पोरापोरींचे गुरू. म्हणाले, "हे पॅकेज सांभाळणारीनं आडनाव लिहिलेलं नाही. गरजही नाही म्हणा. काम बघितलं की कळतं."

पॅकेज, म्हणजे ते छोटं सॉफ्टवेअर, माझं. जुन्या कॉम्प्युटरवरही मराठी टाइप करता यावं म्हणून नोकरी सांभाळून बनवलेलं, फुकट वाटलेलं. त्यात चूक होती. खरीच होती. जोडाक्षर आलं की ते बंद पडायचं. सरांनी ती परस्पर काढली. तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळं पॅकेज उलटंपालटं केलं, आणि सांभाळणाऱ्याच्या जागी माझं नाव पुसून स्वतःचं घातलं.

आमच्यात कुणालाही दुसऱ्याच्या पॅकेजात शिरता येतं, पण त्याला रीत आहे. ती त्यांनीच शिकवली होती. दुसऱ्याच्या पॅकेजात चूक दिसली तर आधी त्याला कळवायचं. दुरुस्ती सुचवायची. थांबायचं. मुदतीत उत्तर आलंच नाही, तर हात घालायचा. तोही चुकीपुरता. त्याचं नाव तसंच ठेवायचं. परदेशातल्या कुणाला एक ओळ सुचवायची तरी सर लिहायचे, आपली हरकत नसेल तर.

मी उभी राहिले. विचारलं, "सर, मला कळवलं का नाही?"

"तुला काय विचारायचं? घाण दिसली, काढली. आभार मान."

घाण. माझी आई चांद्यात जमीनवाल्यांच्या भाड्याच्या खोल्या झाडते. लहानपणी मी सोबत जायचे. पायरीखालीच ती मला धरायची. "आत जाऊ नगंस. बाहेरनं हाक मार." हाक मारायची आणि उन्हात उभं राहायचं. त्या खोल्यांचा मालक आमच्या घरात मात्र चपलांसकट चुलीपर्यंत यायचा. हाक नाही, खोकणं नाही. आई जेवत्या ताटावरून पदर सावरत उठायची. मला वाटायचं, त्याला घाई असेल.

घाई त्याला नव्हती. सरांनाही नव्हती.

मी खाली बसले. लॅपटॉप उघडला. पॅकेजात शिरायचा माझा हक्क काढायला सर विसरले होते. त्यांचे सगळे बदल तिथंच काढून टाकले. चांगले होते तेसुद्धा. माझं नाव परत घातलं. शेजारचा कुजबुजला, जोडाक्षराची दुरुस्ती तरी राहू दे. नाही ठेवली. दुसऱ्या दिवशी माझी मी केली.

आता सरांच्या पॅकेजात चूक सापडली आहे. रीतीप्रमाणे कळवलंय, दुरुस्ती जोडलीय. उत्तर नाही. माझ्या कळवण्याला ते उत्तर देणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. मुदत संपत आली. संपली की मी आत जाणार. चुकीपुरती एक ओळ बदलणार. त्यांचं नाव तसंच ठेवणार. आणि दुरुस्ती करणारीच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिणार, आडनावासकट.

त्यांनी ते पुसून दाखवावं.