डावीकडच्या भिंतीवरचा नकाशा

बेकरीवाल्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःची भट्टी. तारुण्यापासून त्याने भाड्याच्या दुकानात पाव भाजले. आता मालकाला दुकान परत हवं होतं आणि साठी उलटलेल्या माणसाला दुसरी जागा भाड्याने द्यायला कुणी राजी नव्हतं. त्याने एक मोकळा प्लॉट हेरला. खाली भट्टी, वर दोन खोल्या. त्यासाठी होतं नव्हतं ते विकायची त्याची तयारी होती.

तो बावळट नव्हता. जमीन कोणत्या वापरासाठी आहे, हे आधी बघायचं त्याला कळत होतं. अडचण एवढीच की नगररचना कार्यालयात बायकोचा धाकटा भाऊ नकाशे रंगवायच्या कामावर होता. पंगतीत बसलं की बेकरीवाला म्हणायचा, "आमचे मेहुणे सरकारी रंगारी. भिंती रंगवल्या असत्या तर निदान कुणाच्या कामी तरी आल्या असत्या." सगळे हसायचे. मेहुणा खाली मान घालून जेवायचा. अशा माणसाला विचारायचं म्हणजे नाक मुठीत धरणं आलं. बेकरीवाला एकटाच गेला.

कार्यालयात शिरताच दोन नकाशे दिसतात. डावीकडच्यावर पाहणीच्या वेळी जमिनीचा जो वापर चालू होता तो, उजवीकडच्यावर पुढे ज्याला परवानगी मिळेल तो. जाणकार थेट उजवीकडे जातात. बेकरीवाल्याने डावीकडे बोट ठेवलं. प्लॉट पिवळा होता, म्हणजे राहती वस्ती. पाहणीच्या वेळी तिथे खरंच एक घर होतं, पुढे ते पडलं. उजवीकडच्या नकाशात तीच जागा हिरवी होती, खेळाच्या मैदानासाठी राखीव.

मेहुण्याचं टेबल शेजारीच होतं. त्याने ते बोट पाहिलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"काय भाऊजी, इकडे कुठे?"

"सहज. तुझे रंग बघायला आलो."

"बघा की."

खरेदी झाली. जोतं उभं राहिलं, तोवर परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. पाठोपाठ जोतं स्वखर्चाने काढून टाकायची नोटीस आली.

बायको भावाच्या घरी गेली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगायचं नाहीस?"

"ताई, ते रंग बघायला आले होते."

दुकान रिकामं करायच्या आठवड्यात बेकरीवाला पुन्हा कार्यालयात गेला. मेहुण्याने त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. बाकी सगळ्यांची कामं उरकली, मग आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"हे मैदानाचं आरक्षण उठतं का रे?"

"उठतं की. अर्ज करायचा. मग हरकती मागवतात, सुनावणी होते, मग वरून मंजुरी. लोकांची उठलीत." मेहुणा समजावून, सावकाश बोलत होता. "वय काय हो तुमचं आता, भाऊजी?"

बेकरीवाल्याने खरं वय सांगितलं. मेहुण्याने मनातल्या मनात हिशेब केला.

"करून ठेवा अर्ज," तो म्हणाला. "करायला काही हरकत नाही."