नावानं जोडलेले तक्ते

विश्रांतवाडीच्या आमच्या हॉस्पिटलात जब्बारभाई वीस वर्षं नोंदी ठेवतात. माणसाला नंबरानं ओळखणं त्यांना बेअदबी वाटते. म्हणून कॉम्प्युटरवर पेशंटांचा तक्ता आणि त्यांना न चालणाऱ्या औषधांचा तक्ता त्यांनी नावानंच जोडला.

"मग नंबर काय शोभेला दिलेत? एकाच नावाच्या दोघी आल्या तर?" मी चिडले.

"मी चेहरे ओळखतो, मॅडम."

कालच ते हजला गेले. आज स्क्रीनवर यमुनाबाई गायकवाडांपुढे दोन ओळी दिसल्या. वरच्या ओळीत 'सगळं चालतं', खालच्या ओळीत 'पेनिसिलिन दिल्यास जिवाला धोका'. वॉर्डात यमुनाबाई एकच होत्या, पण यांतल्या कुठल्या?

सिस्टरना विचारायला वळले. वरची ओळ वाचून, इंजेक्शनचा ट्रे घेऊन त्या केव्हाच वॉर्डात गेल्या होत्या.