सेट माझ्या नावावर, गाडी ह्यांच्या

आमच्या गाडीत जो वायरलेस सेट आहे तो माझ्या नावावर आहे. हे मला मुद्दाम सांगावं लागतं. लोकांना वाटतं, छंद नवऱ्याचा असणार आणि बायको आपली सोबत बसलेली असणार. छंद नवऱ्याचाच आहे, पण बोलायचा परवाना माझा.

आमचे हे यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहेत. नियम हा त्यांचा श्वास. घरात दूध उतू गेलं तर आधी जबाबदारी कोणाची ते ठरवतात, मग गॅस बंद करतात. एका लग्नात त्यांना एक पाहुणा भेटला. त्याच्या गाडीत छोटासा सेट होता आणि त्यावरून तो दूरच्या कोणाशी तरी बोलत होता. मोबाइल नाही, सिमकार्ड नाही, मधे कुठली कंपनी नाही.  घराशी गाडी थांबल्यावर हे म्हणाले, "आपल्याले हे पाह्यजे."

सेट घ्यायचा तर आधी परवाना, परवान्यासाठी परीक्षा, आणि परीक्षा नागपूरला. एकट्याने जायचा कंटाळा म्हणून ह्यांनी माझाही अर्ज भरला. नागपूरला माझी बहीण असते, म्हणून मीही सही केली. मी शाळेत गणित शिकवते. अभ्यासाचं पुस्तक मी रिकाम्या तासांना वाचलं. ह्यांनी मात्र पाच वाजता उठून, तीन रंगांच्या पेनांनी रेघा मारून अभ्यास केला.

निकाल लागला. मी पास. हे यंत्राच्या भागात उत्तम पास आणि नियमांच्या भागात नापास.

दोन दिवस ह्यांनी ते तीन रंगांच्या रेघांचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता हे म्हणाले, "प्रश्नच चुकीचे होते. प्रत्येक नियमाले अपवाद असते. तो त्यांनी पर्यायात देलाच नाही."

माझा परवाना यायला बरेच महिने लागले. आला तसा ह्यांनी माझ्या नावावर सेट मागवला. खोक्यातून निघाला तो डबा पाहून मी म्हटलं, "एवढाच?" शाळेत नेते त्या डब्याएवढा, काळा, एक मोठं बटण, चारदोन छोटी, आणि आकडे दाखवणारी एक पट्टी. गाणी लागत नाहीत, रंगीत पडदा नाही, काही नाही. एक माईक, त्याला जुन्या फोनसारखी वेटोळी दोरी.

"साधा आहे म्हणूनच चांगला," हे म्हणाले. "जेवढं कमी, तेवढं बिघडायले कमी."

त्यांनी एक अख्खा रविवार गाडीत उलटं झोपून तो सेट बसवला. टपावर अँटेना लावला. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटलं ह्यांची पोलिसात बदली झाली. समोरच्या पानवाल्याने आठवडाभर ह्यांना नमस्कार केला. पण सेट सुरू असताना हे त्या माईकला बोटसुद्धा लावत नसत. "परवाना नसताना हात लावणं बरोबर नाही." पुसायचा तर आधी सेट बंद करून, मग पुसायचा.

तर अशी आमची व्यवस्था ठरली. रविवारी हे गाडी चालवत गावाबाहेरच्या टेकडीवर नेणार. वर गेलं की सेट लांबपर्यंत पोचतो. मग मी माईक हातात घेऊन बोलणार आणि काय बोलायचं ते हे सांगणार. पहिले चार रविवार मी "कोणी ऐकतंय का" असं वायरलेसच्या ठरीव भाषेत विचारत राहिले आणि आतून नुसता खरखर आवाज येत राहिला. शेजारी चरणाऱ्या बकऱ्या आमच्याकडे बघायच्या.

"अहो, कोणी नाही," मी म्हणायची.

"बोल नं. कायले थांबून राह्यली?"

पाचव्या रविवारी खरखर थांबली आणि आतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारखा. "आवाज खणखणीत येऊन राह्यला, मॅडम! कुठून बोलून राह्यल्या?"

मी घाबरून माईक ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी घाबरून तो मला परत दिला.

ते काका कळंबच्या अलीकडे, आपल्या शेतातल्या घरात राहत. तार ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर त्यांनी लोकांना तारेतले शब्द कमी करायला लावले होते, आता ती सगळी कसर भरून काढत होते. काकूंचे गुडघे, तुरीवरची अळी, शेतात शिरणारी रानडुकरं, नव्या चष्म्याचा नंबर, सगळं मला रविवारी सकाळी कळू लागलं. हे शेजारी बसून रजिस्टर लिहायचे. तारीख, वेळ, आवाज कसा, विषय काय. विषयाच्या रकान्यात 'गुडघे' असं सुंदर अक्षरात लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

एकदा काका रंगात येऊन भजन गुणगुणायला लागले. हे ताडकन सरळ बसले. "गाणं चालत नाही! नियम आहे! सांग त्याईले!"

"तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं. "ह्याच भागात तर नापास झालात तुम्ही."

हे खिडकीबाहेर बघत बसले. रजिस्टरमध्ये विषय लिहिला, 'इतर'.

घोटाळा झाला तो त्याच्या पुढच्या रविवारी. काका चष्म्याबद्दल सांगत होते, मी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि नेमके त्याच वेळी हे खेकसले, "आटप नं आता, पाव्हणे यायचे आहेत!"

मी बटण सोडलं. काका म्हणाले, "मॅडम, बाजूले कोन बोलून राह्यलं?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. परवाना नसताना आपला आवाज हवेत गेला! हे दोन्ही हात हलवून मला खुणा करायला लागले, मी नाही, मी नाही.  मी बटण दाबलं आणि म्हटलं, "कोणी नाही काका, ड्रायव्हर आहे."

"असं काय," काका म्हणाले. "जरा तोंडाचा फटकळ दिसते."

नंतर प्रत्येक रविवारी काका विचारायचे, "ड्रायव्हर बरा आहे का? आता नीट वागते का?" आणि मी ह्यांच्याकडे बघत सांगायची, "आहे, सुधारतोय."

मग चतुर्थीला आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणार हे काकांना कळलं. त्यांनी हट्टच धरला. "दर्शन घ्या अन् आमच्याकडे फराळाले या. चंद्राची वाट कोन पाहते!" नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. वाटेत मी ह्यांना म्हटलं, "गेल्या गेल्या खरं सांगून टाकू. नवरा आहे म्हणून."

"सांग नं," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग ते इचारतील, नवऱ्याले एवढी आवड, तर नवरा काहून बोलत नाही? मग काय सांगशीन?"

  नापास नवरा म्हणून ओळख करून घेण्यापेक्षा ह्यांना ड्रायव्हर परवडत होता, हे माझ्या लक्षात आलं.

गाडी फाटकाशी पोचली तेव्हा काका काठी टेकत आमची वाटच बघत होते. पांढरं धोतर, कानावर केस, चेहऱ्यावर नवा चष्मा. त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं. "या मॅडम, या!" आणि वाकून ह्यांना म्हणाले, "गाडी तिकडं लिंबाखाली लाव बाबा. सावली आहे."

आणि हेडक्लार्क साहेबांनी गाडी लिंबाखाली लावली. वरिष्ठांनी सांगितलं की करायची सवय, दुसरं काय.

मला आत पाटावर बसवलं. काकूंनी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, सगळं केलं होतं. ह्यांना बाहेर ओट्यावर स्टीलच्या गिलासात चहा गेला. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. काकांचा कुत्रा त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. काका मला त्यांचे सेट दाखवत होते, चार सेट, तार पाठवायची टकटक करणारी एक जुनी पितळी कळसुद्धा. ह्याच सगळ्यासाठी ह्यांनी तीन रंगांच्या पेनांनी अभ्यास केला होता, आणि हे बाहेर, मी आत. मी हातातला घास पानात परत ठेवला.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा एक वाजला आणि माझ्या तोंडून, सवयीने, जोरात निघालं, "अहो! बीपीची गोळी घेतली का?"

बाहेरून सवयीनेच उत्तर आलं, "पाणी कुठं आहे?"

 काकूंच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"अवं माय," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरले अहो म्हनतं तू?"

मग मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, नियम, नापास, खुणा, सगळं.  काका काठी घेऊन उठले, बाहेर गेले आणि ह्यांच्यासमोर उभे राहिले.

"नियमांत गेले?"

"हो," हे म्हणाले. हे उभे राहिले होते. कुत्राही उठला होता.

"मीबी पहिल्या खेपेले त्यातच गेलतो," काका म्हणाले. "या आत. खिचडी थंडी होऊन राह्यली."

त्या दिवशी हे चार वाजेपर्यंत काकांच्या सेटांपुढून हलले नाहीत. काकू आणि मी दोघींनी दोनदा चहा केला. निघताना काकांनी फर्मान काढलं, दर रविवारी इकडं यायचं, नियम मी शिकवतो. ह्यांना शिकवणं म्हणजे भांडणच. "असं काहून?" हे विचारायचे. "कारण तसं लिव्हलं आहे," काका सांगायचे. जन्मभर हेच उत्तर ह्यांनी लोकांना दिलं होतं, आता ते ऐकून घेताना त्यांचे कान लाल व्हायचे. पण ऐकलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या.

ह्यांचा परवाना आला तो कपाशी वेचायच्या दिवसांत. त्याच रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी बंद केली, घसा साफ केला, माईक दोन्ही हातांनी धरला, बटण दाबलं, आणि पुढे काही नाही. मी हळूच म्हटलं, "बोला ना."

"उपरोक्त," हे म्हणाले, आणि बटण सोडलं.

"उपरोक्त काय?" तिकडून काका.

"उपरोक्त... विषयास अनुसरून नमस्कार कळवण्यात येत आहे."

काका एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मग हेही हसले आणि कुठलं तरी बूच निघाल्यासारखे बोलायला लागले. अँटेनाची उंची, पानवाला, साहेबांचा स्वभाव, माझ्या हातची भाजी, लहानपणी विहिरीत पडलेली सायकल. बावीस वर्षं संसार केला, ती सायकल मी पहिल्यांदा ऐकली. मी थर्मासमधला चहा संपवला, वह्या तपासल्या, एक झोप काढली. उठले तरी चालूच.

दीडेक तासाने आकड्यांची पट्टी मिणमिणली आणि विझली. ह्यांनी गाडीची चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. इंजिन बंद ठेवून बोलत बसल्याने बॅटरी पार उतरली होती.

मी उतरले आणि मागून ढकलायला लागले. गाडी हलेना. तेवढ्यात खालच्या वाटेने एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत वेचणीवरून परतणाऱ्या दहाबारा बाया. त्यांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि ओढण्या, पदर खोचून सगळ्या उतरल्या. "हं, लावा वं जोर!" गाडी उतारावर लागली, दोन आचके दिले, धूर सोडला आणि सुरू झाली. सेटही परत जागा झाला आणि आतून काकांचा आवाज आला, "काय झालं? ऐकू येऊन राह्यलं काय?"

बाया दचकल्या, मग सगळ्या खिडकीला चिकटल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी, तोंडात तंबाखू, तिने ह्यांना विचारलं, "कोन हाय थो? तुमचा भाऊ हाय का?"

"नाही," हे म्हणाले. "कळंबकडचे काका आहेत."

"कधीपासून बोलून राह्यले?"

"दीड तास."

"जेवला काय ते पुसलं का त्याले?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही पुसलं. म्हातारीने कपाळावर हात मारला. मग हे, इंजिन चालू ठेवून, बटण दाबून, पूर्ण गंभीरपणे म्हणाले, "काका, जेवण झालं काय?"

"आत्ता बसलो आहो," काका म्हणाले. "वांग्याचं भरीत. पन तिखट कमी हाय."

"तिखट वरून घालाले सांगा," म्हातारी म्हणाली आणि ट्रॉलीत चढली. हे माझ्याकडे बघून विचार करत होते, दुसऱ्याचा निरोप असा हवेत सांगणं नियमात बसतं की नाही.