ओळंब्यात बसवलेलं मशीन

१९९६ साल. फाल्गुन अर्धा सरला होता, थंडी गेली होती आणि रस्त्याकडेच्या रसवंत्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्या फाल्गुनात मी जे करून ठेवलं ते सांगायची मला हौस नाही. पण तुम्ही ते आज ना उद्या दुसऱ्याकडून ऐकणार, आणि तो तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. आधी चहा घ्या, गार होतोय.

माझं शिक्षण चौथी. साखर कारखान्यात वायरमन म्हणून बत्तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर भवानीनगरलाच राहिलो. मी बसवलेली मोटर पुन्हा दुरुस्तीला आली, असं कधी झालं नाही. कुणाचं काही घेऊन ठेवायचीही मला सवय नाही. लोक मला आबा म्हणतात आणि थोडं लांबच बसतात. मला ते चालतं.

पण एका माणसाचं देणं माझ्या अंगावर होतं. सोपानराव. बारामतीहून इंदापूरकडं येताना रस्त्याला त्याची रसवंती लागते. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या घरातलीचं बारामतीत ऑपरेशन झालं. रक्त लागलं, माझं जुळलं नाही. सोपानराव त्याच दवाखान्यात दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला आला होता. ना नात्याचा, ना गोत्याचा. बाही वर करून आडवा झाला आणि एक बाटली देऊन निघून गेला.

आता याची फेड कशी करायची? मी गव्हाचं पोतं नेलं, त्यानं परत पाठवलं. त्याच्या चरकाची मोटर नव्या तारेनं फुकट भरून देतो म्हणालो, तर म्हणाला, "आबा, मोटर बिघडल्याबिगर कशाला भरायची?" मोटरही मेली बिघडत नव्हती. हा माणूस त्या रक्ताचं नाव काढत नव्हता. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

तर त्या फाल्गुनात त्याचा निरोप आला. आबांना बोलवा, काम आहे. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. वाटेत मनात म्हटलं, आज फिटणार.

रसवंतीच्या मांडवात एक पेटारा ठेवला होता. लहान खाटेएवढा, वर काच, खाली सुटे करून बांधलेले चार पाय, डोक्याला रंगीत चित्रांची उभी पाटी. मुंबईतला कुठला तरी क्लब बंद पडला, तिथून सोपानरावाच्या मेव्हण्यानं ट्रकात घालून पाठवला होता.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"गोळीचा खेळ हाय म्हनं. इजेवर चालतोय. पर पैशाच्या फटीत आपला रुपाया जात न्हाय. तुमी असं करा, पैसा न टाकताच चालू हुईल असं करा. जो रस पिईल त्यानं फुकट खेळावं."

"आन् खेळायचं कसं?"

"ते मेव्हन्यानं सांगितलं न्हाय. तुमी बघा की."

मी उघडून बघितलं. आत तेच होतं, जे मी बत्तीस वर्षं बघत आलो. कॉइल, रिले आणि पत्र्याचे पॉइंट. एक दातेरी चाक शिल्लक खेळ मोजत होतं. ते शून्यावर आलं की एक पॉइंट उघडायचा आणि सुरू करायचं बटण मरायचं. मी त्या पॉइंटची पट्टी पक्कडीनं अशी वाकवली की तो उघडणारच नाही. बटण दाबलं. घंटा वाजली, दिवे लागले, लोखंडी गोळी बाहेर आली. अर्ध्या तासात मशीन फुकट झालं.

हे काम बरोबर झालं होतं. ते आजही बरोबर आहे. चूक पुढं आहे.

पाय जोडताना आत कडेला मला एक ओळंबा दिसला. खरंच ओळंबा. गवंडी भिंत बघायला दोरीला लोखंडी वजन सोडतो ना, तसलाच, पण छोटा, सळीला टांगलेला आणि भोवती एक कडं. मी खूश झालो. म्हटलं, बघा, परदेशातला कारागीर किती हुशार. मशीन सरळ बसलं की नाही ते कळावं म्हणून त्यानं आतच ओळंबा दिलाय. त्याची पट्टी ट्रकात वाकली होती, ती मी गुण्याच्या काटकोनाला लावून सरळ केली. कारखान्यात आम्हाला पहिला धडा हाच होता. मशीन केसभर जरी तिरकं बसलं तरी बेअरिंग खाणार.

हे मशीन तर चांगलंच तिरकं होतं. मागची बाजू वर, पुढची खाली. मी पुढच्या पायांखाली दोन विटा घातल्या, वर पत्र्याचे तुकडे सरकवले. ओळंबा कड्याच्या बरोबर मध्यावर आला. खेळाच्या फळीवर लेव्हलची पट्टी ठेवली. बुडबुडा मधोमध. आडवा बघितला, उभा बघितला.

"आता ह्ये मशीन धा वर्सं हलनार न्हाय," मी म्हणालो.

दांडा ओढून सोडला. गोळी वर गेली, एका खुंटावर आपटली, घंटा वाजली, पाटीवरचा आकडा फिरला. मग गोळी फळीच्या मध्यावर आली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच.

सोपानरावानं माझ्याकडं बघितलं. मी गोळीकडं बघितलं. ओळंबा बरोबर, लेव्हल बरोबर, वायरिंग बरोबर. मग मशीन चुकेल कसं?

"ह्यो खेळ असाच असतोय," मी म्हणालो. "काच काढायची आन् गोळी बोटानं मारायची."

आता हसू नका. मी काच काढली आणि त्या मशीनचा कॅरम केला.

तीन आठवडे हे चाललं. चार बाजूंना चार माणसं उभी राहायची, टिचकीनं गोळी मारायची. घंटा वाजली की एक गुण, खाली दोन पाती होती त्यांना गोळी लागली की पाळी गेली. हे नियम मीच केले. भांडण झालं की निवाडाही मीच द्यायचो. रोज दुपारी खुर्ची टाकून बसायचो. त्या खुर्चीवर बसून मी सोपानरावाच्या तोंडाकडं बघायचो, आता म्हणेल, मग म्हणेल, आबा, फिटलं. तो रस गाळत राहायचा.

मशीन मधेच मरायचंसुद्धा. कुणी अंगाचा भार टाकला की पाटीवर एक लाल दिवा लागायचा आणि सगळं बंद. मी म्हणायचो, व्होल्टेज पडलं. फुकटच होतं, पुन्हा बटण दाबलं की पुन्हा सुरू. पैसे टाकून खेळले असते तर पहिल्या दिवशीच कुणीतरी माझी गचांडी धरली असती. फुकटाला नावं कोण ठेवणार? आणि माझ्या तोंडावर?

एकानं ठेवली. शेळगावचा एक शेतकरी, घरात पूर्वी मेंढरं होती, बोलायला मोकळा. म्हणाला, "आबा, ही गोळी सवताहून खाली का येत न्हाय?"

"ती काय शेरडू हाय, हाळी दिली की यायला?"

पुढं कुणी विचारलं नाही.

मग एक दिवस मुंबईची गाडी थांबली. पिकल्या केसांच्या बाई आणि त्यांचे यजमान, अकलूजला लग्नाला निघालेले. रसाचा पेला हातात घेऊन बाई मशीनपाशी आल्या. तिथं चौघं टिचक्या मारत होते.

"हे काय करताय तुम्ही?"

"खेळतोय, बाई."

"हे सपाट का ठेवलंय?"

मी खुर्चीतून उठलो. "वळंब्यात बशिवलंय," मी म्हणालो. "सगळं वायरिंग बी तपासलंय. तुमाला काय ठाऊक यातलं?"

"काका, मी कॉलेजात होते तेव्हा रोज खेळायचे." त्यांनी पेला यजमानांच्या हातात दिला आणि शेळगावकराला सांगितलं, "दादा, त्या पुढच्या विटा काढा."

त्यानं विटा काढल्या. फार लवकर काढल्या. बाईंनी काच बसवून घेतली, दांडा ओढला. गोळी वर गेली आणि स्वतःहून खाली आली. बाईंनी बाजूची बटणं दाबली, ती दोन पाती फटाफट हलली, गोळी पुन्हा वर. घंटा थांबेना. आकडे गरागरा फिरत होते.

"आन् तो वळंबा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

बाईंनी मशीनला कमरेनं जोरात धक्का दिला. लाल दिवा लागला, सगळं बंद.

"तो चोर पकडायला असतो, काका. कुणी मशीन हलवून लबाडी केली की लोंबकळणारं वजन कड्याला लागतं आणि खेळ संपतो."

म्हणजे परदेशी कारागिरानं लबाडासाठी टांगलेलं वजन, मी त्याला ओळंबा समजून मशीन बसवलं होतं. आणि जिथं पाण्याला ढाळ किती द्यायचा हे पाटावरचा प्रत्येक माणूस डोळ्यांनी सांगतो, तिथं मी तीन आठवडे गोळीला वाट दिली नव्हती.

बाई अकलूजला गेल्या. मी पिशवी उचलून घरी आलो. आठ दिवस बाहेर पडलो नाही. आमच्या घरातलीनं काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

नवव्या दिवशी मागच्या पायांसाठी लाकडाचे दोन ठोकळे तासले, पाना घेतला आणि गेलो. नीट ढाळ देऊन यायचं, एवढंच ठरवलं होतं. बिघडलेल्या कामानं देणं फिटत नाही.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पार बावडा गावची माणसंसुद्धा आली होती. मशीन मधे, काच काढलेली, आणि पुढच्या पायांखाली माझ्याच दोन विटा. चौघं टिचक्या मारत होते.

"सोपानराव, इटा परत कुनी घातल्या?"

"मी," तो म्हणाला. पेले विसळत होता. "ढाळावर दोन दिस खेळली मानसं. गोळी घडीत पोटात जातीया, हात बसत न्हाय. कट्टाळली. आता जो तो येतोय आन् म्हनतोय, आबांचं सपाट मशीन दाखवा. बघत्यात, हासत्यात, दोन-दोन पेलं पित्यात."

"मी ते सरळ करायला आलोय."

"नगा करू. ह्यो उन्हाळा असंच ऱ्हाऊ द्या." मग पहिल्यांदाच त्यानं ते नाव काढलं. "दवाखान्यातल्या त्या बाटलीचं तुमी सारखं मनाला लावून घेता. एवढं करा, आन् ते सोडा."

पाना माझ्या हातात होता. दहा मिनिटांचं काम होतं. उन्हाळा अजून अडीच महिने होता.

तेवढ्यात बावड्याच्या एका माणसानं मागं वळून विचारलं, "का हो, ह्ये बशिवलंय कुनी?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी पाना पिशवीत ठेवला.

"मी," मी म्हणालो.

सोपानरावानं रसाचा पेला माझ्या हातात दिला. "फिटलं, आबा."