तिसरी वाटी

फळवाल्याला सगळा बाजार टिचकीशेठ म्हणायचा. डाळिंबावर टिचकी मारून, कान लावून आत दाणे कसे ते सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बायकोच्या डोक्यात काय चाललंय ते मात्र त्याला कळेनासं झालं होतं. विसरण्याचा आजार जडला म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी, डाळिंबानं आठवण सुधारते का ते बघणाऱ्या एका चाचणीत तिचं नाव घातलं. रोज वाटीभर डाळिंब आणि दर महिन्याला प्रश्न. "गुण येईलच असं नाही हं," बाईंनी बजावलं होतं. पण हा पठ्ठ्या फळावर भरवसा ठेवणार नाही तर कोण ठेवणार!

रोज दुपारी दुकान बंद करून तो दाणे सोलायचा. बायको तीन वाट्या मांडायची. तिसरी मुलीची. मुलगी नवव्या वर्षी तापात गेली त्याला एकवीस वर्षं झाली होती. आजारानं नेमकं तेवढंच पुसलं होतं. "शाळेतून भुकेली येईल," म्हणून ती वाटीवर ताटली झाकायची. सुरुवातीला एकदा त्यानं खरं सांगून पाहिलं, तर बातमी आत्ताच कळल्यासारखा तिनं हंबरडा फोडला. पुन्हा सांगायचा त्याला धीर झाला नाही. ती झोपली की तो गुपचूप ती वाटी संपवायचा.

उठल्यावर रिकामी वाटी बघून ती हसायची. "येऊन गेली वाटतं. पुन्हा खेळायला पळाली?"

"पळाली," तो म्हणायचा. हळूहळू त्यालाही जिन्यात पावलं ऐकू यायला लागली. खोटं कशाला बोला, भीती नाही, बरंच वाटायचं त्याला.

पाचव्या महिन्यात बाईंनी विचारलं, "घरात किती माणसं?"

दर वेळी तीन म्हणणारी बायको या वेळी म्हणाली, "दोन. मुलगी गेली आमची."

बाईंनी खाली मान घालून बरोबरची खूण केली. फळाचा गुण की आजाराची लहर, कोण जाणे. याच दिवसासाठी त्यानं एवढी डाळिंबं सोलली होती, आणि आता घरी परतल्यावर तो जिन्यात थांबून पावलांची चाहूल घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनच वाट्या मांडल्या. "इतके दिवस तिची वाटी तुम्ही खात होतात ना?"

तो उठला. फळीवरून तिसरी वाटी काढून त्यानं दाण्यांनी भरली, वर ताटली झाकली.

"हळू बोल," तो म्हणाला, "जिन्यात आहे ती."

बायकोनं हातातली वाटी आवाज न करता खाली ठेवली. मग तो झोपल्यावर तिनं ताटली उचलली आणि गुपचूप ती वाटी संपवली.